भिंतीपलीकडचे शेजारी

लग्न होऊन या शहरी येण्यापूर्वी मी मुंबईस माहेरी होते. १९६० साली निघालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकात कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या याद्या येत. मथळा असे ‘वाचा आणि थंड बसा’. १९६६ च्या जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली आणि ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा पोरासोरांच्या तोंडी बसली. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत कृष्ण मेनन यांना ‘परका’ म्हणून विरोध झाला, ते पडले.

मराठी तरुणांची बेकारी खोटी नव्हती. माझा थोरला भाऊही नोकरीवाचून घरीच होता. पण त्याचा राग वळला तो शेजारच्या तमिळ मामींच्या कुटुंबावर. भांडण काहीच नव्हते. तरी आईने मला त्यांच्याकडे जाण्यास मना केले. मामींनी दारात रांगोळी घालणे सोडले. त्यांच्यामुळे भावाची नोकरी गेली नव्हती, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते.

भगिनींनो, १६१० साली खडकी येथे आपले शहर वसविणारा मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून आलेला. त्याच्या नहरीचे पाणी पिढ्यानुपिढ्या सर्वांनी भरले. प्रचाराच्या दिवसांत कोणाला ‘परका’ म्हटलेले ऐकले, तर आधी आपल्या शेजारणीचे दार ठोठवावे, एवढीच विनंती.