चंद्रपूर खोडलं, गाव गेलं

धानोरा तालुक्यातल्या एका तेंदूपत्ता फडावर रोजच्या पुड्यांची नोंद ठेवायला मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली होती. काळा पडदा, 'गाव: ' एवढीच विचारणा, पुढे मुन्शीने लिहायचं. त्याने चंद्रपूर लिहिलं, चुकलं म्हणून बॅकस्पेस आठदा दाबला. नाव गेलं. त्यामागोमाग मोकळी जागा गेली, विसर्गासारखे ते दोन ठिपके गेले आणि 'व'सुद्धा गेला. पडद्यावर उरलं फक्त 'गा'.

"भाऊ, तुमची मशीन गावच खाऊन राहिली ना!"

मी गडचिरोली लिहून आठदा खोडून पाहिलं. काही बिघडलं नाही.

1982 साली वेगळे झालेले हे दोन जिल्हे संगणकाच्या लेखी अगदी सारखे लांब आहेत. च, अनुस्वार, द, हलन्त, र, प, ऊकार, र. ग, ड, च, वेलांटी, र, ओकार, ल, वेलांटी. आठ-आठ चिन्हं, यूटीएफ-8 मध्ये 24-24 बाइट. पण माझ्या टर्मिनलवर गडचिरोलीला आठ घरं लागतात आणि चंद्रपूरला पाचच. बॅकस्पेस मात्र दोघांनाही आठ. उरलेल्या तीन दाबांनी विचारणा खाल्ली, हे उघड आहे. मला छळलं ते पुढच्या प्रश्नाने: ही पाच घरं मोजली कोणी?

आधी खोडणाऱ्याचं कूळ पाहू. साधा प्रोग्राम कळा स्वतः वाचतच नाही. एंटर दाबेपर्यंत ओळ कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ताब्यात असते आणि चुका तोच निस्तरतो. हा कर्नल टेलिटाइपच्या घराण्यातला. त्या यंत्रावर अक्षराची कळ दाबली की छपाई एक घर पुढे. सुरुवातीच्या युनिक्समध्ये चुकलेलं अक्षर रद्द करायला '#' मारत. कागदावर चूकही दिसे आणि '#'ही दिसे. मराठीत याला नेमका शब्द आहे: खोडणे. तलाठ्याच्या दप्तरात खाडाखोड होते, पाटीवर मात्र पुसलं जातं. कागदी पट्टीवर भोकं पाडून संदेश पाठवत तेव्हाही खोडणंच होतं. पाडलेलं भोक बुजत नाही, म्हणून सगळी भोकं पाडायची आणि वाचणाऱ्या यंत्राने तेवढं सोडून द्यायचं. डोनाल्ड मरे यांच्या 1901 च्या पाच भोकांच्या संकेतात ही युक्ती होती. सात भोकांच्या आस्कीत ती 127 हा आकडा होऊन आली. आजही लिनक्सवर बॅकस्पेस दाबला की बहुधा हाच 127 जातो. पडदे आले आणि खोडण्याचं पुसणं झालं. कर्नल 'एक घर मागे, कोरी जागा, पुन्हा एक घर मागे' असं पडद्याला सांगतो. एक चिन्ह, एक घर, हा टेलिटाइपचा हिशेब त्याने सोडला नाही. 2004 साली लिनक्स कर्नलच्या या खोडण्यात यूटीएफ-8 ची सोय झाली म्हणून निदान चिन्ह अख्खं जातं. नाहीतर मुन्शीला 24 दाब लागले असते.

पडद्याचं कूळ वेगळं आहे, आणि माझ्या मते ते टाइपरायटरचं. जुन्या देवनागरी टाइपरायटरवर उकार, ऊकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा दाबल्या की गाडी सरकत नसे. काना आणि वेलांट्या मात्र आपापली जागा घेऊन पुढे जात. 'रो' लिहायला र, काना, मात्रा मारायची. त्यात मात्रेने जागा खाल्ली नाही. आता युनिकोड उघडा. ऊकार आणि अनुस्वार जागा न घेणाऱ्या चिन्हांत, काना, वेलांट्या आणि ओकार जागा घेणाऱ्यांत. मार्कुस कून यांनी 2001 साली टर्मिनलसाठी रुंदी मोजण्याचं जे फंक्शन लिहिलं त्यात पहिल्या गटाला शून्य घरं, दुसऱ्याला एक. टंकलेखनाच्या वर्गात जी गाडी 'पू'च्या ऊकारावर थबकायची, तीच माझ्या पडद्यावर थबकली.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. न सरकणाऱ्या कळा फ्रेंच टाइपरायटरवरही होत्या, स्वरांवरच्या खुणांसाठी. युनिकोडने गट पाडले ते युरोपाकडे पाहून, देवनागरी त्यात ओढली गेली. दुसरा म्हणतो, कुळाची भानगडच नको: जे वर-खाली लागतं त्याला जागा कशाला? हा दुसरा जास्त पटण्यासारखा, म्हणून मला जास्त बोचतो. पण युनिकोडने देवनागरीचा तक्ता ज्या भारतीय इस्की संकेतावरून घेतला, त्यात उकार आणि काना एकाच रांगेत बसतात. उच्चाराचा क्रम, जागेचा विचारच नाही. जागेची भावना बाहेरून आली, आणि टाइपरायटरइतकी ती दुसऱ्या कोणी रोज बोटांत भिनवली नव्हती. वेलांटी माझ्या बाजूने बोलत नाही, हे कबूल. टाइपरायटरवर 'चि'ची वेलांटी आधी मारावी लागे, युनिकोडमध्ये ती 'च'नंतर येते. तिने क्रम इस्कीकडून घेतला आणि रुंदी यंत्राकडून. दत्तक गेलेल्या पोराचं असंच असतं.

फडावरचा इलाज सोपा वाटला होता. प्रत्येक कळ प्रोग्रामने स्वतः वाचून घरं मोजायची, तर काम वाढणार. म्हणून 'गाव:' वरच्या ओळीवर नेलं आणि लिहायची जागा खालच्या कोऱ्या ओळीवर ठेवली. आता खायला काही उरलं नव्हतं. मुन्शीने चंद्रपूर लिहिलं, पाच दाबांत ओळ कोरी झालेली पाहून थांबला आणि 'मूल' लिहिलं. पडद्यामागे तीन चिन्हं तशीच शिल्लक होती. संध्याकाळच्या यादीत पुडे निघाले ते 'चंदमूल' गावाच्या नावावर.