सासन्यांच्या माळावर

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, सॅनिटायझर, मागच्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या, सगळं इथेच ठेवा. आपण निघालोय तिथे ज्या औषधानं माणसं वाचली असती, ते स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडावं लागेल. आणि तुम्ही उतरताय १८९७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला. जपून, ढेकळं आहेत.

पहिल्यांदा नाकालाच कळतं. कार्बोलिकचा झोंबरा वास, त्यात कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर. आणि वारा फिरला की या दोघांनाही न जुमानणारा तिसरा वास, पिकलेल्या गाठीचा. रुमाल काढू नका. इथे कुणी नाकाला काही लावलेलं नाही, लगेच परके म्हणून ओळखले जाल.

डोळे चोळा. उघडा माळ, चटयांचे आडोसे, आत घोंगड्यांवर माणसं. कुणाच्या जांघेत गाठ, कुणाच्या काखेत. एक म्हातारा तापाच्या भरात बैलांना हाका मारतोय, मोठ्यानं, शिव्यांसकट. बाहेर नातेवाइकांची दाटी, रडणारी पोरं, गाडीवानाची घाई. गावात घरोघर उंदीर पडताहेत, म्हणून लोक घरं सोडून रानात राहायला आलेत. भांडी, कोंबड्या, जातं, सगळं बैलगाडीत.

घोट्याला काही चावलं? पिसू. तुम्ही दचकाल, कारण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तुम्ही शाळेत शिकलात. इथे ते कुणालाच ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. पुढच्या वर्षी कराचीत सिमाँड नावाचा फ्रेंच डॉक्टर हा माग काढेल, आणि त्याच्यावरही लोक आधी हसतील. तुम्ही सांगून पाहा हवं तर. रांगेतला माणूस तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, उन्हात बसू नका, सावलीला या.

तो बघा, तिसऱ्या चटईशी उकिडवा बसलेला तरुण. विशी ओलांडून थोडीच वर्षं झालीत. हे डॉक्टर यशवंत फुले. आईनं, सावित्रीबाईंनी, बोलावलं म्हणून आलेत. माळ सासुरवाडीचा, सासन्यांचा. त्यांच्या हाताशी काय आहे ते नीट पाहा, म्हणजे धाडस कशाला म्हणतात ते कळेल: गाठीवर पोटीस, पिकली तर चीर, कपाळावर ओल्या पट्ट्या, घोटघोट पेज. बस्स. मुंबईत हाफकिननं नुकतीच लस स्वतःच्या अंगात टोचून घेतलीय, पण ती आजारी पडण्याआधीची. पडलेल्याला हात लावायला माणूसच लागतो, आणि त्या दिवसांत हात लावणारं घरातलंही मिळेना.

शेजारी उभी असलेली बाई तुमच्याशी बोलू लागते. गर्दीत असं होतंच.

“पोटचा न्हाई बरं त्यो काकूंचा. काशीबाई म्हून एक बामनाची विधवा व्हती, तिचं ल्येकरू. काकूंच्या मालकांनी, तात्यांनी, आन् काकूंनी पदरात घ्येतलं. तात्या गेले तवा भाऊबंद आडवे आले, तिरडीम्होरं टिटवं ह्यानं धरायचं न्हाई म्हनले. मग काकूंनीच धरलं. बाईमानसानं! आन् आता बघा, आईनं हाक मारली तर कुटं येऊन बसलाय.”

असं म्हणून ती पुढे सरकते, तिचा नंबर आलाय.

तेवढ्यात मुंढव्याच्या बाजूनं गलका. गर्दी फाटते. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई येताहेत, पाठीवर पोर. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला पांडुरंग गायकवाड, तापानं फणफणलेला, त्याची मान त्यांच्या खांद्यावर डुलतेय. तुम्ही नुसते बघत उभे राहाल, आपण आजकाल तेच करतो. राहू नका. पोराला उतरवायला हात द्या. त्याचं अंग तव्यासारखं भाजतंय. त्याच्या घामानं काकूंचं लुगडं पाठीवर चिकटलंय, आणि डॉक्टर एका क्षणात पोराकडे वळलेत. आईला पाणी हवंय हे पोराच्या गडबडीत राहून जातंय.

शाळेच्या पुस्तकात हे चित्र असतं, पण बहुधा आईपाशीच संपतं. चौकटीच्या बाहेर उकिडवं बसलेल्या मुलाला चित्रकार विसरतो, हे मला कायम खटकतं. पोर वाचेल. आईला मात्र लागण होईल, आणि १० मार्चला ती जाईल, याच डॉक्टर मुलाच्या उपचारात. आठ वर्षांनी पुण्यात पुन्हा प्लेग उसळेल, यशवंतराव पुन्हा रोग्यांपाशी बसतील, आणि १३ ऑक्टोबर १९०५ ला त्याच तापानं जातील.

पण हे इथे कुणाला सांगत बसू नका. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा हाक मारलीय, उकळतं पाणी हवंय, आणि बादली कधीपासून तुमच्याच हातात आहे.