ताजमहाल हॉटेलचे नागपुरी मूळ

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलची कथा अपोलो बंदरापासून सांगण्याची प्रथा आहे. ती नागपूरच्या जुम्मा तलावाकाठून, म्हणजे आजच्या गांधीसागरापासून, सांगायला हवी.

१८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोहोचली. वऱ्हाडचा कापूस हाताशी होता. म्हणून जमशेटजी टाटांनी गिरणीसाठी मुंबई सोडून या तलावाजवळची दलदल निवडली. ती बुजवण्याचा खटाटोप पाहून एका सावकाराने कर्ज नाकारले. हा गृहस्थ जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याचे मत. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली आणि त्याच दिवशी ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. सावकाराला पुढे आपले शब्द गिळावे लागले.

टाटांच्या वैभवाचा पाया या गिरणीने घातला. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताज उघडले, तेव्हा तेथे विजेचे दिवे, जर्मन लिफ्ट, अमेरिकन पंखे आणि तुर्की स्नानगृहे होती. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा. समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हते. ते १९२४ मध्ये पूर्ण झाले.

या सुखसोयींचे कौतुक सर्वांना ठाऊक आहे. मात्र हवा दमट व गार ठेवणारी यंत्रे आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे टाटांनी त्याआधीच नागपूरच्या गिरणीत बसवले होते. (दमट हवा सुतालाही मानवते, हे खरेच.) कामगारांसाठी निवृत्तिवेतन आले, १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधीही.

ताज आजही पाहुण्यांनी गजबजलेले असते. गिरणी बंद पडली. तिच्या जागेवर एम्प्रेस मॉल उभा आहे.