पंक्तीतून पाठ्यपुस्तकाकडे : साताऱ्यातील महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि लोकशाही मूल्यांचे शिक्षण

प्रस्तावना :
लोकशाही मूल्यांचे शिक्षण म्हटले की नागरिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक आणि संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन एवढेच सामान्यतः डोळ्यांसमोर येते. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७-१९५९) यांनी १९४० मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलचा इतिहास या समजुतीस छेद देतो. प्रस्तुत लेखात या शाळेच्या जडणघडणीचा थोडक्यात विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास उपस्थित राहिल्यानंतर शुद्धीचे स्नान करण्यास भाऊरावांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने विकले, हे सर्वश्रुत आहे.

विवेचन :
येथे कालक्रम महत्त्वाचा आहे. वसतिगृह आधी आले, हायस्कूल सोळा वर्षांनी. म्हणजेच समतेचा पाठ प्रथम पंक्तीत गिरविला गेला, वर्गात नंतर. ही शाळा मोफत व निवासी होती, त्यामुळे फी आणि अंतर हे खेड्यातील मुलांपुढील दोन्ही अडथळे दूर झाले. श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण या तत्त्वामुळे विद्यार्थी आश्रित राहिला नाही. १९३५ च्या कायद्यानुसार मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. अशा काळात, ज्यांच्या पालकांना बहुधा मतच नव्हते, अशी मुले एकत्र राहून, राबून, जेवून नागरिकत्वाचा सराव करीत होती.

या प्रयोगाची कसोटी स्वातंत्र्यानंतर लागली. शासनावरील भाऊरावांच्या टीकेमुळे १९४८ च्या सुमारास संस्थेचे अनुदान थांबविण्यात आले. पुढे ते पूर्ववत झाले. लोकशाही मूल्ये शिकविणाऱ्या संस्थेला मतभेदाची किंमत लोकनियुक्त शासनाच्या काळातच मोजावी लागली, हा विरोधाभास दुर्लक्षिता येणार नाही. सार्वजनिक शाळेला शासनाचा पैसा हवा असतो, तशीच त्याच्याशी असहमत होण्याची मुभाही हवी असते.

निष्कर्ष :
ठाणे महानगरपालिकेने अलीकडच्या वर्षांत जाहीर केलेल्या अनधिकृत शाळांच्या यादीत दिवा परिसरातील शाळांची संख्या मोठी होती. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून व परप्रांतांतून आलेली कुटुंबे येथे शेजारी राहतात, परंतु मान्यताप्राप्त शाळेतील जागेसाठी त्यांना झगडावे लागते. सातारच्या प्रयोगाचे हुबेहूब अनुकरण येथे शक्य नाही. तथापि परवडणारी, मान्यताप्राप्त आणि सर्वांना एका बाकावर बसविणारी शाळा ही लोकशाही शिक्षणाची पूर्वअट आहे; उद्देशिकेचे वाचन त्यानंतर येते, हा बोध मात्र त्यातून निश्चितच घेता येतो.