केंटच्या शिव्या

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या शोकांतिकेत सरदार केंट हा राजकन्या गॉनरिलचा कारभारी ऑस्वल्ड याला ज्या शिव्या हासडतो त्या. नाटक २६ डिसेंबर १६०६ रोजी दरबारात झाले. छापील पाठ दोन, १६०८ व १६२३ चे.

पहिल्या अंकात लिअर ऑस्वल्डला दरडावतो, मी कोण? ‘आमच्या बाईसाहेबांचे वडील,’ असे शांत उत्तर येते. शिवी एकही नाही, पण राजेपण तेवढे वगळलेले. वेषांतर करून राजाच्या चाकरीत शिरलेला केंट त्याला तंगडी घालून पाडतो आणि ‘फुटबॉल खेळणारा’ म्हणून हिणवतो. यात अपमान कसला, असे आज वाटेल. त्या काळी हा उनाडांचा धसमुसळा खेळ होता. लेखक सर टॉमस एलियटने १५३१ मध्येच त्याच्यावर तोंडसुख घेतले होते. राजा पहिल्या जेम्सनेही युवराजासाठी लिहिलेल्या ‘बॅसिलिकॉन डोरॉन’ (१५९९) या ग्रंथात तो वर्ज्य ठरवला होता.

दुसऱ्या अंकातली सरबत्ती अधिक मोलाची आहे, कारण तिचा मोठा भाग कपड्यांवर आहे. ऑस्वल्डचे पायमोजे लोकरीचे, म्हणून केंट त्याला हिणवतो. उमराव रेशमी घालत. ‘तीन पोशाखांचा’ हा त्याचा टोमणा म्हणजे मालकाकडून नोकराला मिळणारे कपडे, असे बहुतेक टीपाकार मानतात. याच नाटकात वेड्याचे सोंग घेतलेला उमरावपुत्र एडगर आपल्या चाकरीच्या दिवसांतले तीन पोशाख सांगतो, ते या अर्थाला पोषक आहे. ‘शंभर पौंडांचा’ ही त्याची आणखी एक शिवी; तिचा रोख जेम्सच्या काळात स्वस्त झालेल्या ‘नाइट’ किताबावर असावा; मतभेद आहेत. कोणी काय ल्यावे हे ठरवणारे इंग्लंडमधले कायदे १६०४ मध्ये रद्द झाले होते, हे इथे ध्यानात घ्यावे. केंटच्या अंगावर कपडे चाकराचे, पण तोंडी शिव्या अस्सल उमरावाच्या.

‘झेड’ हे बिनकामाचे अक्षर म्हणूनही तो ऑस्वल्डची संभावना करतो. शिक्षक रिचर्ड मुलकॅस्टरने १५८२ मध्ये हे अक्षर कानी पडते, लिखाणात क्वचित दिसते, अशी नोंद केली होती.

त्याच सरबत्तीतली आणखी एक शिवी ‘पांढऱ्या यकृताचा’, म्हणजे भेकड. धैर्य यकृतातल्या रक्तावर अवलंबून, ही जुनी वैद्यकीय समजूत.

शिव्यांची शिक्षा म्हणून लिअरचा जावई कॉर्नवॉल केंटला खोड्यात अडकवतो. केंट राजाचा दूत असल्याने लिअर हे कृत्य खुनाहून वाईट मानतो.

लिअरने मुलींना दिलेले शाप येथे धरलेले नाहीत.

मराठी भाषांतर : ‘राजा लिअर’, विंदा करंदीकर.