गानविद्या आणि स्त्रीधन : हिराबाई बडोदेकरांचें उदाहरण

जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस कलावंतिणींचे उल्लेख नवे नाहींत. संस्थानांच्या जमाखर्चांत, लग्नमुंजींच्या याद्यांत, देवस्थानांच्या हिशेबांत बिदागी, वस्त्रें, शिधा अशा सदरांखालीं त्यांचीं नांवें सांपडतात. परंतु हे सर्व उल्लेख देणाऱ्याच्या बाजूचे आहेत. देणाऱ्यानें काय दिलें तें त्यांत आहे. घेणारीनें तें कशांत गुंतविलें आणि त्यावर तिची सत्ता किती चालली, हें त्यांत नाहीं. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या बाजूचा विचार करावयाचा आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत महाराष्ट्रांतील गायिकांस जी प्रतिष्ठा लाभली, ती केवळ गळ्याच्या गोडव्यानें किंवा सुधारकांच्या उपदेशानें लाभली नाहीं; व्यवहाराचें स्वरूप बदललें म्हणून लाभली. आणि या बदलाचा पुरावा संग्राहकांच्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे.

प्रथम शास्त्राची बाजू पाहूं. स्त्रीनें शिल्पानें, म्हणजे आपल्या हातच्या कौशल्यानें मिळविलेल्या धनावर पतीचें स्वाम्य असतें, असें कात्यायनाचें मत असून दायभागकार जीमूतवाहनानें तें स्वीकारलें आहे. इ. स. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यानें पत्नीची कमाई, कलाकौशल्याची धरून, तिची स्वतंत्र मालमत्ता ठरविली खरी. परंतु हिंदु, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन विवाहित स्त्रियांस तो लागू नव्हता. उलट, विवाहसंस्थेच्या बाहेर राहिलेल्या कलावंतिणीची कमाई तिची स्वतःची असे व बहुधा लेकीकडे जाई. सारांश, गृहिणीस मान होता पण विद्येच्या कमाईवर हक्क नव्हता. कलावंतिणीस कमाई होती पण मान नव्हता. ही गांठ सुटल्यावांचून स्त्रीचा गानव्यवसाय प्रतिष्ठित होणें शक्य नव्हतें.

ती सैल होण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली ध्वनिमुद्रिका. इ. स. १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित झालें, आणि गाण्याच्या शेवटीं त्यांनीं आपलें नांव स्वतः उच्चारून ठेविलें. तबकड्या जर्मनींत छापल्या जात. कोणती तबकडी कोणाची हें तेथील कारागिरांस कळावें, एवढाच त्यांतील हेतु. परंतु ज्या गायिकांचीं नांवें आजवर दुसऱ्याच्या वहींत लिहिलीं जात, त्यांपैकीं एकीनें आपलें नांव आपल्या तोंडानें नोंदविलें, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनें लहान नव्हे. दुसरी गोष्ट संगीत विद्यालयांची. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं इ. स. १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. अब्दुल करीम खांसाहेबांनीं पुढें बेळगांव व पुणें येथें आर्य संगीत विद्यालय चालविलें. गाणें शिकण्याची जागा कोठीवरून शाळेंत आली.

याच खांसाहेबांच्या व ताराबाई माने यांच्या पोटीं हिराबाईंचा जन्म इ. स. १९०५ मध्यें मिरजेस झाला. बडोद्याच्या दरबारीं खांसाहेब असतां ताराबाई त्यांच्या शिष्या होत्या. पुढें दोघांनीं बडोदें सोडलें. इ. स. १९२० च्या आसपास ताराबाई पांच मुलांस घेऊन खांसाहेबांपासून विभक्त झाल्या आणि मुलांचीं नांवें सुरेशबाबू, हिराबाई, कमळाबाई, कृष्णराव व सरस्वतीबाई अशीं रूढ झालीं. पांच मुलें पदरीं असलेल्या एकट्या स्त्रीनें त्या काळांत प्रपंच उभा केला, ही गोष्ट चरित्रकार एका वाक्यांत उरकतात. आमच्या मतें पुढील सर्व कथेचा पाया तोच आहे. कारण हिराबाईंसमोर पहिला आदर्श कोणा विदुषीचा नव्हता, हिशेब ठेवणाऱ्या आईचा होता.

हिराबाईंनीं वडील बंधु सुरेशबाबू व वहीद खांसाहेब यांजकडे तालीम घेतली, आणि इ. स. १९२१ च्या सुमारास पलुसकरांच्या मुंबईच्या संगीत परिषदेंत त्या प्रथम जाहीरपणें गायिल्या. पुढें तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना झाली. या तिकिटाचें मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. बिदागी देणारा ठरवितो आणि ती देतां देतां गायिकेवर आपला अधिकारहि गृहीत धरतो. तिकिटाचा दर आधीं छापलेला असतो, तो सावकारास व कारकुनास एकच असतो, आणि त्या पैशानें श्रोता खुर्ची विकत घेतो. गायिकेची मर्जी नव्हे. हिराबाई पदर सांवरून, हावभाव न करतां, बसून गात. या शालीनतेची स्तुति पुष्कळ झाली आहे. परंतु शालीनतेस आधार तिकिटाचा होता, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

इ. स. १९२९ च्या सुमारास त्यांनीं पुण्याच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा उभारली व भावंडांसह रंगभूमीवर पाऊल ठेविलें. स्त्रीपार्टी नटांचा, विशेषतः बालगंधर्वांचा, तो वैभवाचा काळ. स्त्रियांच्या नाटक मंडळ्या त्यापूर्वींहि होत्या. गोमंतकांतील कुर्डीच्या मोगूबाई बालपणीं सातारकर स्त्री संगीत मंडळींत होत्या. परंतु स्त्रीपुरुषांनीं एकत्र काम करणारी मंडळी एका गायिकेच्या नांवावर चालावी, हें धाडस निराळें होतें. धंदा मात्र साधला नाहीं. पडदे, पगार, बिऱ्हाडाचा खर्च यांखालीं मंडळी कर्जांत बुडाली व थोड्याच वर्षांत बंद पडली. तें कर्ज हिराबाईंनीं मैफली करून फेडलें. आम्हांस त्यांच्या चरित्रांतील हाच भाग सर्वांत बोधप्रद वाटतो. धंद्यांत यश येणें दैवावर अवलंबून असतें. पण बुडालेल्या धंद्याचें देणें आपल्या विद्येच्या बळावर वारणें, यांतच व्यापारी पत आहे, आणि ती पत एका स्त्रीनें मिळविली.

इ. स. १९४७ च्या ऑगस्टांत स्वातंत्र्याच्या समारंभीं दिल्लीस ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान हिराबाईंस लाभला, व इ. स. १९७० मध्यें त्या पद्मभूषण झाल्या. त्यांच्या व सुरेशबाबूंच्या शिष्या प्रभा अत्रे (१९३२–२०२४) या शिक्षकाच्या घरांतील. विज्ञान व कायदा या दोन्ही विषयांच्या पदवीधर. अशा घरची मुलगी गाणें हा जन्माचा व्यवसाय म्हणून पत्करते, यावरूनच हिराबाईंचें कार्य मोजावें.

तथापि एक गोष्ट सांगितल्यावांचून हें चित्र पुरें होणार नाहीं. प्रतिष्ठेचें हें नवें माप ज्यांस लागू पडलें नाहीं, त्या मागें राहिल्या. इ. स. १९४६ नंतरच्या कांहीं वर्षांत नभोवाणीनें खासगी वर्तनाच्या निकषावर अनेक पेशेवाल्या गायिकांस दार बंद केलें. ज्यांच्या गळ्यांनीं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जगविली, त्याच वगळल्या गेल्या. एकीचा गौरव लिहितांना दुसरीचें नांव खोडलें जाऊं नये, एवढी सावधगिरी इतिहासकारानें बाळगावी.

इ. स. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें स्त्रीनें आपल्या कौशल्यानें अगर श्रमानें मिळविलेली मालमत्ता पूर्णपणें तिची ठरविली. कात्यायनाच्या वचनास कायद्यानें उत्तर दिलें तें तेव्हां. पण जलशाच्या तिकीटविक्रीनें तें पंचवीस-तीस वर्षें आधींच देण्यास आरंभ केला होता.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, सनदा व बखरी यांबरोबर जलशांचीं हस्तपत्रकें, तिकिटांचे तुकडे, नाटक मंडळ्यांच्या रोजकीर्दी, कर्जरोखे व तबकड्यांच्या याद्या यांसहि आपल्या संग्रहांत जागा द्यावी. घरोघरच्या माळ्यांवरून हे कागद रद्दींत जात आहेत. त्यांवर शिक्के नाहींत, मोडी लपेटी नाहीं, म्हणून ते दुर्लक्षित राहिले. परंतु देणाऱ्याच्या नव्हे, तर मिळविणारीच्या बाजूनें लिहिलेला हिशेब सांपडला तर तो त्यांतच सांपडेल.