ठशामागचा हात : आमेरची छपाई आणि शाळेतील हस्तकला

मराठी विद्यार्थ्याला आमेर हे नाव प्रथम भेटते ते इतिहासाच्या पुस्तकात. मिर्झाराजे जयसिंग, १६६५ सालचा पुरंदरचा तह, मोगलांना द्यावे लागलेले तेवीस किल्ले आणि त्यानंतरचा आग्र्याचा प्रसंग या साऱ्या कथेत प्रतिपक्षाचे गाव म्हणून आमेर उभे असते. शिवाजी महाराज आग्र्यात नजरकैदेत असताना तेथील घडामोडी कळविणारी राजस्थानी पत्रे आमेरच्या दरबारी जात होती. तीच पत्रे पुढे मराठ्यांच्या इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन ठरली. तलवार आणि तह यांच्या या स्मरणात आमेरची दुसरी ओळख मात्र झाकून जाते. ती ओळख कापडावर, लाकडी ठशाने, हाताच्या एका बेताच्या दाबाने उमटलेली आहे.

आजचा प्रवासी आमेरला जातो तो किल्ला पाहण्यासाठी. शीशमहाल आणि शिलादेवीचे मंदिर पाहून तो जयपूरला परततो. किल्ल्याच्या पायथ्याच्या जुन्या वस्तीत सोळाव्या शतकाच्या अखेरची एक हवेली आहे, तिकडे त्या मानाने थोड्यांचीच पावले वळतात. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी सुमारे अकरा किलोमीटरवर जयपूर वसविले आणि राजधानी तिकडे हलली. दरबार गेला तसे आमेरचे वैभव ओसरले आणि कित्येक हवेल्या ओस पडल्या. त्यांपैकीच ही एक. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा जीर्णोद्धार झाला, २००० साली त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला आणि २००५ मध्ये तेथे हातछपाईचे संग्रहालय सुरू झाले. अनोखी संग्रहालय या नावाने ते ओळखले जाते. काचेआडच्या वस्त्रांबरोबरच तेथे एक ठसे कोरणारा आणि एक छपाई करणारा कारागीर प्रत्यक्ष काम करताना दिसतो, आणि पाहुण्याला स्वतःच्या हाताने कापडाचा लहानसा तुकडा छापूनही पाहता येतो.

या छपाईचा इतिहास राजवाड्याच्या कारभाराशी जोडलेला आहे. शिवकालीन राज्यकारभारातील अठरा कारखाने आणि बारा महाल मराठी वाचकाला परिचित आहेत. जयपूर संस्थानात अशीच छत्तीस कारखान्यांची व्यवस्था होती. कारखाना म्हणजे आजच्या अर्थाची गिरणी नव्हे, तर एका कामासाठी नेमलेले खाते. कापड रंगविण्यासाठी रंगखाना, छापण्यासाठी छापाखाना, शिवण्यासाठी सिवनखाना अशी ही खाती एकमेकांच्या हाती काम सोपवीत असत. तयार वस्त्रांचा मोठा वाटा भेटीदाखल बाहेर पडे. सरदाराला शिरपाव, पाहुण्याला पोशाख, सणाला विशिष्ट रंगाचे वस्त्र असा रिवाज होता. आपल्याकडेही लग्नकार्यातील आहेर आणि ओटीचा खण यांत हीच भावना आहे. वस्त्र देणे म्हणजे मान देणे, ही समजूत राजवाड्यात आणि सामान्यांच्या घरात सारखीच होती.

राजवाड्यातील कापडाच्या नोंदी झाल्या, पण ते छापणाऱ्या हातांची नावे फारशी उरली नाहीत. जयपूरच्या दक्षिणेला सांगानेर आणि पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर बगरू ही छपाईची दोन प्रसिद्ध गावे. सांगानेरची ओळख पांढऱ्या भूमीवरील नाजूक फुलांची, बगरूची ओळख पिवळसर भूमीवरील ठसठशीत नक्षीची. दोन्हीकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या छीपा समाजाने सांभाळले. येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे असा एक धागा आहे. राजस्थानातील हिंदू छीपे संत नामदेवांना आपले आराध्य मानतात आणि स्वतःला नामदेव छीपा म्हणवितात. महाराष्ट्रात नामदेव शिंप्याच्या घरी जन्मले म्हणून आपण त्यांना ओळखतो. उत्तरेत त्यांची ओळख छीपा अशी झाली आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांच्या पदांमध्येही ती दिसते. पंढरीच्या वाळवंटात कीर्तन करणारा संत मरुभूमीच्या कडेला कापड छापणाऱ्यांचा आधार झाला. काम हलके मानणाऱ्या समाजव्यवस्थेत, काम करता करता देवाचे नाव घेणारा संत त्यांना आपला वाटला, यात नवल नाही.

हे काम हलके का मानले गेले, हे त्याची रीत पाहिल्यावर अधिकच कळेनासे होते. ठशासाठी प्रामुख्याने शिसवाच्या जातीचे कठीण लाकूड घेतात. त्याचा पृष्ठभाग तासून सपाट करतात, खडूने पांढरा करतात आणि त्यावर नक्षी रेखतात. मग बारीक छिन्न्यांनी आणि कमानीच्या गिरमिटाने नको असलेले लाकूड काढले जाते. नक्षी कोरायची ती उलटी, कारण कापडावर ती सुलटी उमटते. मोठ्या ठशाला आरपार छिद्रे ठेवतात, म्हणजे अडकलेली हवा बाहेर पडते आणि रंगाचा डाग बसत नाही. तयार ठसा कित्येक दिवस तेलात मुरवितात. एका फुलाला बहुधा एकच ठसा पुरत नाही. बाह्यरेषेचा तो रेख, भूमी भरणारा तो गद आणि आतील रंग भरणारा तो दत्ता. जितके रंग तितके ठसे आणि प्रत्येक ठसा आधीच्या ठशाशी केसभरही न चुकता जुळावा लागतो. छापणारा कारागीर पट्टी घेऊन मोजीत बसत नाही. ठशाच्या कडेला ठेवलेली एक लहानशी खूण आणि सवयीची नजर एवढ्यावर तो लांबच लांब कापड भरतो.

रंगांची विद्या याहून सखोल आहे. बगरूचे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवितात, त्याने त्याला पिवळसर छटा येते. काळ्या रंगासाठी गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात घालून दिवसच्या दिवस आंबवितात. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आले की गडद काळा रंग धाग्यात कायमचा बसतो. या काळ्याला तेथे स्याही म्हणतात. आपल्याकडे पोथ्या लिहिणारे लेखनिक हिरडा आणि हिराकस यांपासून जी शाई करीत, तिचे रसायन हेच. लाल रंगासाठी तुरटीचा वापर होतो. दाबू या पद्धतीत चिखल, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचा भुगा यांचे मिश्रण ठशाने लावतात. तेवढा भाग झाकला जातो आणि कापड निळीत बुडविले तरी तो कोरा राहतो. किडलेला गहू घरात टाकाऊ, पण छीप्याच्या हाती उपयोगी. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनी हे सारे अनुभवाने शोधले, पारखले आणि मुलांच्या हाती सोपविले.

पश्चिम भारतात छापलेल्या सुती कापडाचे मध्ययुगीन तुकडे इजिप्तमध्ये फुस्तात येथे सापडले आहेत. सतराव्या शतकात अशा कापडाने युरोपची बाजारपेठ इतकी काबीज केली की फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०० व १७२१ मध्ये कायदे करून त्याला अटकाव केला. मराठीत ज्याला चीट म्हणतात, आजीच्या परकरापासून रजईपर्यंत जे सर्वत्र असे, ते याच कुळातले कापड. महाराष्ट्रात रंगारी आणि भावसार मंडळींनी रंगकामाची आणि छपाईची परंपरा चालविली. पुढे गंगा उलटी वाहू लागली. मँचेस्टरच्या यंत्रांनी तीच नक्षी स्वस्तात छापली आणि येथील कारागिराच्या दारात आणून विकली.

जयपूरने या संकटाला दिलेले उत्तर शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकाने ध्यानात घ्यावे असे आहे. महाराजा सवाई रामसिंगांच्या काळात, १८६६ च्या सुमारास, तेथे कलाशाळा स्थिरावली. १८८३ मध्ये मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले आणि १८८७ मध्ये अल्बर्ट हॉल संग्रहालय खुले झाले. जे कसब फक्त बापाकडून मुलाकडे जात असे, ते शाळेच्या वर्गात आणि संग्रहालयाच्या दालनात आले. जातीच्या कुंपणाबाहेरच्या मुलालाही हुन्नर शिकता यावा, ही कल्पना त्या काळी लहान नव्हती. पण या प्रयत्नाला मर्यादाही होत्या. प्रदर्शनात वस्तूंना पदके मिळाली, तरी कारागिराच्या घरची परिस्थिती तेवढ्याने पालटली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगानेरमध्ये स्क्रीन छपाईने जोर धरला, रासायनिक रंग आले, त्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न उभा राहिला. आज सांगानेरी आणि बगरू या दोन्ही छपायांना भौगोलिक मानांकन आहे. नावाला त्याने संरक्षण मिळाले. हाताला काम मिळत राहील की नाही, हे मात्र वस्तू विकत घेणाऱ्याची पारख ठरविते, आणि ती पारख लहानपणी घडावी लागते.

येथे आमेरची वाट आपल्या शाळांच्या दारापाशी येते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू असावा, असा विचार मांडला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागविण्याच्या कल्पनेवर तेव्हा टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु हात चालू लागला की बुद्धीही चालू लागते, हे त्यातील मूळ सूत्र कालबाह्य झालेले नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाने, बिया, शंख-शिंपले, माती या परिसरातल्या वस्तूंतून तेथे शिक्षणाची साधने घडली. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. साठ वर्षे पूर्ण करणारी शाळा आणि कार्यानुभव हा विषय अशा रीतीने जवळजवळ समवयस्क ठरतात.

या साठ वर्षांत त्या तासाचे काय झाले, हे पालकांना आणि शिक्षकांना ठाऊक आहे. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी कार्यानुभवाचा तास गणिताला दिला जातो. उरलेल्या तासांत बाजारातील चकाकत्या वस्तू चिकटवून शोभेचे तोरण होते, आणि पुष्कळदा ते पालकांनीच रात्री जागून केलेले असते. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा अनेक शाळांना आपण हस्तकलेच्या नावाखाली काय वापरीत होतो याची जाणीव झाली. हस्तकला म्हणजे वेळ उरला तर करावयाची गोष्ट, हा समज मुलांच्या मनात आपणच रुजविला. ज्या छीप्याच्या कामाला समाजाने एकेकाळी हलके म्हटले, त्याचीच ही सौम्य पुनरावृत्ती आहे.

साधने मात्र अजूनही हाताशी आहेत. भेंडी आडवी कापली की तिच्या पाच कप्प्यांचे फूल उमटते. बटाट्याच्या अर्ध्या भागावर त्रिकोण कोरला की ठसा तयार होतो. त्या ठशाने सुती रुमालाची किनार छापायची म्हटले की विद्यार्थ्याला कापडाची लांबी मोजावी लागते, ठशाच्या रुंदीने भागावी लागते, कोपऱ्यात नक्षी कशी वळवायची याचा विचार करावा लागतो. आपल्या नावाचे अक्षर कोरताना ते उलटे कोरावे लागते, ही गोष्ट एक ठसा वाया गेल्यावरच कायमची लक्षात राहते. चहाच्या उकळलेल्या पाण्यात कापड भिजवून वाळविले आणि त्यावर व्हिनेगरमध्ये मुरविलेल्या गंजक्या खिळ्यांचे पाणी ठशाने लावले, तर करडा-काळा रंग उमटतो. बगरूची स्याही अशी प्रयोगशाळेत उतरते. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांची पाकिटे, छापील किनारीचा टेबलावरचा रुमाल, आजोबांच्या चष्म्यासाठी कापडी पिशवी, दिवाळीचे शुभेच्छापत्र या वस्तूंचा खर्च अगदी अल्प असतो. मुलाने स्वतः छापलेला रुमाल आजी वापरायला काढीत नाही, कपाटात जपून ठेवते, हा अनुभव अनेक घरांचा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची आणि त्या काळात स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याची कल्पना मांडली आहे. ती केवळ सहलीपुरती राहू नये. गावातील कुंभार, सुतार, शिंपी, बुरूड यांना शाळेत बोलवायचे तर गुरुजी म्हणून बोलवावे, त्यांना खुर्ची द्यावी, मानधन द्यावे आणि विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव वहीत लिहून ठेवावे. ज्यांची नावे दरबारी दप्तरांत फारशी आली नाहीत, त्यांच्या वारसांची नावे निदान शाळेच्या वहीत तरी यावीत.

आमेरच्या त्या हवेलीत पाहुण्याने पहिल्यांदा ठसा उचलला की तो बहुधा वाकडाच बसतो. कोठे रंग जास्त लागतो, कोठे फुलाची पाकळी रेषेबाहेर जाते. शेजारचा कारागीर कोपऱ्यातील खूण दाखवितो, ठसा टेकवितो आणि वरून मुठीचा एक ठोका देतो. दुसरे फूल पहिल्यापेक्षा बरे येते, तिसरे त्याहून बरे. हे तिसरे फूल येईपर्यंत विद्यार्थ्याला वेळ देता यावा, एवढे वेळापत्रक शाळेने राखून ठेवावे. हीरकमहोत्सवी वर्षात यापेक्षा मोठा संकल्प करण्याची गरज नाही.